लाईट येते तेव्हा

आमच्याकडे लाईट गेली की आधी मेणबत्ती कुणी शोधत नाही. आधी फेरी होते. म्हणजे मी हातातलं असेल ते खाली ठेवते, मोबाईलची बॅटरी लावते आणि घरभर फिरून बटणं बंद करत सुटते, इस्त्रीचं, मिक्सरचं, गीझरचं, ओव्हनचं, टीव्हीच्या मागचं ते हात न पोचणारं, फ्रिजचं, सगळं. चालू ठेवायचा फक्त ओट्यावरचा एक दिवा. तो निरोप्या. तो पेटला की समजायचं, आली. नवरा म्हणतो लोक लाईट गेली की गॅलरीत जाऊन गप्पा मारतात आणि तू रात्रपाळीच्या वॉचमनसारखी राऊंड मारतेस. म्हणू दे.

ही फेरी मुळात माझी नाहीच, आईची आहे. आणि तिचं सगळं म्हणणं एका वाक्यात आहे, की बाई लाईट जाते तेव्हा काही होत नाही, अंधार होतो तेवढाच, काय व्हायचं ते ती येते तेव्हा होतं.

मी पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. कराडजवळ आमचं गाव, आणि आळीत फक्त आमच्याकडे विजेची इस्त्री होती त्यामुळे जरा मानच होता. चांगली जड, लोखंडी तळाची. आपोआप बंद होणं वगैरे भानगड नाही, प्लग लावला की तापत जायची ते थेट काढेपर्यंत. इस्त्रीचं टेबल वगैरे तेव्हा कुणाकडं असतंय, माजघरात फरशीवर गोधडी चौपदरी घालायची, वर अप्पांचं जुनं धोतर, आणि त्यावर आमचे शाळेचे कपडे. आई माझ्या निळ्या स्कर्टच्या चुण्या बसवत होती आणि लाईट गेली. साडेपाच वाजले असतील. तिनं थोडी वाट बघितली, मग इस्त्री होती तिथंच ठेवली, आडवी, स्कर्टवरच, आणि भाकरी थापायला गेली. भाकरी झाल्या तरी लाईट नाही. संक्रांतीचे दिवस, शेजारी हळदीकुंकू होतं, तिकडं जायला म्हणून आम्ही दोघी निघालो. निघताना तिनं इस्त्रीला हात लावून बघितला होता, हे ती आजही शपथेवर सांगते. गार होती. मेख तिथंच आहे ना, गरम इस्त्री सोडून कुणी जाणार नाही, पण गार इस्त्रीला कोण भितंय?

साडेसातला लाईट आली. सगळी आळी "आली आली आलीऽऽ" करून ओरडली, तशी मीही ओरडले, त्या घरातल्या बायका हसल्या, तिळगूळ वाटणं सुरू झालं, आणि आमच्या बंद घरात ती इस्त्री निवांत तापत बसली. अर्ध्या-पाऊण तासानं शेजारचा पोरगा पळत आला, काकू तुमच्या खिडकीतनं धूर येतोय. आम्ही गेलो तर जाळ असा नव्हताच. गोधडी जाळ धरत नाही पटकन, ती धुमसते, आतला कापूस कडेकडेनं लाल होत पसरत जातो आणि वरून फक्त धूर दिसतो, आणि तो वास, जळक्या सुती कापडाचा, तो चार दिवस घरातून गेला नव्हता. अप्पांनी प्लग उपसला, दोन घागरी पाणी ओतलं. इस्त्री उचलली तर स्कर्ट, धोतर आणि गोधडीचे चारही पदर यांच्यातून आरपार एक त्रिकोण पडला होता, कातरून काढल्यासारखा, आणि खाली शहाबादी फरशीवर तसाच तपकिरी डाग. फरशीवरचा डाग अजून आहे. आई त्यावर पाट ठेवते. अंथरुणांची वळकटी तिथून दीड हातावर रचलेली होती, त्याबद्दल आमच्याकडे आजपर्यंत कुणी काही बोललेलं नाही.

अप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं असं आईला नंतर वाटलं असेल, कारण त्या दिवसापासून आई घरातून कुठंही निघाली की अप्पा विचारणार, "इस्त्री बघितलीस का?" शेताला निघाली तरी, लग्नाला निघाली तरी, पंढरपूरला गाडीत बसल्यावर तरी. एकदा तर दवाखान्यात तिला सोनोग्राफीला आत नेत होते तेव्हा विचारलं. नर्सला काही कळेना.

पुढं भारनियमनाची वर्षं आली, २००५ पासून पुढची. तोपर्यंत बोर्डाचे तुकडे होऊन महावितरण झालं होतं पण गावाकडं आजही बोर्डच म्हणतात, बोर्डाचा माणूस आला, बोर्डाचं बिल आलं. तेव्हा लाईट जाणं हा प्रसंग उरलाच नव्हता, टाईमटेबल होतं. बारा-बारा तास नाही म्हणजे नाही. शेतीची लाईट वेगळी, आठवडाभर दिवसा आठ तास, पुढचा आठवडा रात्री दहा तास, त्यामुळे उसाला पाणी पाजायचं तर माणूस रात्री दोनला मळ्यात. आता रात्री दोनला कोण उठून मोटर चालू करायला जाणार म्हणून प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. बोर्ड सांगून थकला, ऑटो काढा, सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळतो, पण कोण ऐकतंय. डीपी जळला की वर्गणी काढून ट्रॅक्टरमध्ये घालून न्यायचा, ते एक वेगळंच पुराण आहे, सोडा.

माझा धाकटा चुलता मोटरीच्या कपलिंगचं रबर बदलत होता. दिवसाढवळ्या. लाईट नव्हती आणि टाईमटेबलप्रमाणे अजून दोन तास येणार नव्हती. काकांचा टाईमटेबलवर विश्वास. ऑटो चालू राहिलेला आणि फ्यूज जागेवर. लाईट दोन तास आधी आली. उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली, म्हणजे किती वेळात तर तोंडातून आवाज निघायच्या आत. त्यानंतर काका मोटरीला हात लावायच्या आधी तिन्ही किटकॅट फ्यूज उपसून सदऱ्याच्या खिशात टाकायचे. पेटीवर ठेवायचे नाहीत, खिशातच, म्हणजे दुसरा कोणी येऊन उत्साहानं बसवणार नाही. उरलेल्या तीन बोटांनी ते चिनीमातीचे पांढरे फ्यूज खुळखुळवत बांधावरून येणारे काका मला अजून दिसतात. घरातलं होल्डर बदलायचं असलं तरी मेन पाडायचा आणि तिथं एक माणूस उभा करायचा हा नियम त्यांनीच घातला. लाईट गेलीच आहे तर तेवढ्यात करून घेतो, हे वाक्य त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही.

आली म्हणून ओरडावं तर दोन मिनिटांत परत जाते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. लहानपणी वाटायचं वायरमन मुद्दाम खेळतो. नंतर एका इंजिनिअर मित्रानं नीट समजावलं. एरवी काय होतं, की गावातले शंभर फ्रिज काही एकाच वेळी चालत नाहीत, एक थांबला की दुसरा लागतो, पंपांचंही तेच. पण चार तास लाईट गेली की सगळ्यांचे फ्रिज आतून कोमट, सगळ्यांच्या टाक्या रिकाम्या, सगळ्यांची बटणं चालूच, आणि लाईट आल्या क्षणाला सगळे एकदम ओढायला लागतात, त्यात मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खाते. त्या हिसक्यानं फ्यूज उडतो. म्हणजे वायरमन बिचारा खांबावर चढून फ्यूज घालतो आणि आपण सगळे मिळून तो परत उडवतो. हे कळल्यावर मला आईच्या फेरीबद्दल आदरच वाटला, तिला हे गणित माहीत असण्याचं कारण नव्हतं पण आमच्या घराचा हिसका तरी कमी.

५ एप्रिल २०२० आठवतो का, रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे घालवायचे होते? तेव्हा आम्ही सासरी होतो, दापोलीकडे, शिमग्याला म्हणून गेलो आणि लॉकडाऊनमध्ये अडकलो. अंगणात पणत्या लागल्या होत्या, लेक नाचत होती, आणि मला कळलं नव्हतं की त्या वेळी देशभरच्या कंट्रोल रूममध्ये माणसं श्वास रोखून बसलीत. विजेची मागणी बारा-तेरा हजार मेगावॅटनं पडेल असा अंदाज होता आणि पडली सुमारे ३२ हजारांनी. आणि ती पडणं एक वेळ ठीक, नऊ मिनिटांनी सगळा देश परत बटणं दाबणार होता त्याचं काय? जलविद्युत केंद्रांनी ते पेललं, कारण पाण्यावरची यंत्रं झटकन खाली आणता येतात आणि झटकन वर. म्हणूनच तर फक्त दिवे घालवा, पंखे-फ्रिज राहू देत असं सांगत होते. अप्पांनी फोनवर विचारलं, तुमच्याकडं ठीक आहे ना? मी म्हटलं हो. म्हणाले, "आमच्या कोयनेनं सांभाळलं असंल." कोयनेचा विषय निघाला की ते असेच बोलतात, धरणाला स्वतः दगड लावल्यासारखे.

आणि मग जूनच्या ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ आलं. वादळ दुपारी आलं. तीन-चार तास जे काय चाललं होतं ते मी इथं लिहीत नाही, माझ्याकडून लिहून होत नाही. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा आगरात आकाश दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा. पोफळी एका दिशेला झोपलेल्या, माड मधून तुटलेले, आणि विजेचे खांब वाकून वायरी रस्त्यावर, पानात, विहिरीच्या काठावर, कुठंही.

वाडीतली पोरं त्या वायरींवरून उड्या मारत निघाली होती, कारण लाईट तर नाहीच, सगळे खांबच आडवे, कुठून येणार? सासरे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एरवी कुणावर आवाज न चढवणारा माणूस, अंगणातून असे ओरडले की पोरं जागच्या जागी थिजली. मग त्यांनी आणि नवऱ्यानं वायर पडलेली त्याच्या दोन्ही बाजूंना लांबवर चिरे मांडले आणि वर काट्या टाकल्या. अण्णा म्हणाले, "मेलेली वायर आणि झोपलेली वायर दिसायला सारखीच." कुठल्या दिशेनं कोण कधी सप्लाय सोडेल, पलीकडच्या वाडीत कोण जनरेटर लावेल, काय सांगावं.

आणि जनरेटर लागलेच. विहिरीचं पाणी चढवायला दुसरा उपाय नव्हता. एक माणूस टेम्पोत जनरेटर घालून वाडीवाडीत फिरायचा, टाकी भरून द्यायचा, तेवढ्यात मोबाईल चार्ज करून घ्यायचे. दहाव्या-बाराव्या दिवशी शेजाऱ्यांनी स्वतःचा छोटा जनरेटर आणला आणि पडवीतच लावला, दार लोटून, आवाज बाहेर जाऊ नये आणि पाऊस लागू नये म्हणून. सासूबाई तिकडं काही द्यायला गेल्या, परत येऊन म्हणाल्या त्यांची सून डोकं धरून बसलीय, सगळ्यांनाच मळमळतंय, काय खाल्लंय कोण जाणे. खाल्लं काही नव्हतं. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, माणसाला वाटतं थकवा आलाय, झोपावं जरा. आणि झोपला की संपलं. नवरा अक्षरशः पळत गेला, दारं उघडली, मशीन पार अंगणाच्या टोकाला नेलं. बंद खोलीत शेकायला कोळशाची शेगडी ठेवतात तिचंही हेच.

त्याच जनरेटरची दुसरी गंमत म्हणजे त्यांनी दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून घेतली होती, एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या प्लगमध्ये, की झालं घरभर उजेड. पुढं खांब उभारायला बाहेरच्या जिल्ह्यातून टोळ्या आल्या, पावसात, चिखलात, शाळेत झोपायची ती माणसं, त्यातल्या एकानं ती वायर बघितली आणि त्याचा चेहरा असा काही झाला. त्यानं सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. तुमचा मेन पाडलेला नसेल तर हे २३० व्होल्ट तुमच्या घरातून उलटे खांबावर जातात, डीपीत उलटे शिरतात, आणि डीपी काय, इकडून ११ हजाराचे कमी करतो तसे तिकडून २३० चे ११ हजार करतो. "वर मी असतो," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. ती वायर त्यांच्या सुनेनं तिथल्या तिथं विळीनं तोडली.

रात्रीचं म्हणाल तर अंधाराची सवय आठ दिवसांत होते. फ्रिज दुसऱ्या दिवशीच रिकामा करून, पुसून, दार उघडं टाकलं होतं. बंद फ्रिज चार तास गारवा धरतो, आम्हाला तर महिना काढायचा होता, मग त्यात कांदे राहायला गेले. भीती होती ती पायाखालची. झावळ्यांचे ढीग पडलेले आणि त्यात फुरसी. शिवाय मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा चावल्याचं धड कळतही नाही. म्हणून सगळे खाटेवर किंवा कॉटवर, मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली, आणि रात्री पाय खाली टाकायच्या आधी बॅटरीचा झोत खाली. बॅटरीची जागा ठरलेली, उशाच्या उजवीकडे, कुणी हलवली तर सासूबाईंचं ऐकून घ्यायचं. मच्छरदाणीत मेणबत्ती किंवा रॉकेलची चिमणी न्यायची नाही हे सांगायला नको, पण एक रात्र लेकीनं पुस्तक वाचायला म्हणून नेलीच होती.

बत्तिसाव्या दिवशी लाईट आली. मी त्या बत्तीसही दिवसांत फ्रिज, मिक्सर, पंप, टीव्ही यांच्या पिना काढून ठेवलेल्या आणि ओटीवरचा एक बल्ब चालू, आईच्या पद्धतीनं. सासूबाईंना ते बघून हसू यायचं. संध्याकाळी बल्ब पेटला, वाडीत आरोळी उठली, आणि तो बल्ब उजळतच गेला. नेहमीपेक्षा पांढरा, मग अजून पांढरा, डोळ्यांना त्रास होईल असा, आणि फट्. पलीकडच्या घरात मात्र दिवे मिणमिणते, उदबत्तीएवढे. खांबावर न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, सुटला होता. न्यूट्रल सुटला की एका घराच्या वाट्याला २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्टपर्यंत काहीही येऊ शकतं आणि दुसऱ्याला उरलंसुरलं. त्या दोन मिनिटांत वाडीत तीन टीव्ही आणि एक फ्रिज गेला, बत्तीस दिवस थांबून. आमचा निरोप्या तेवढा गेला, नुसता एक बल्ब. सासूबाई त्यानंतर हसल्या नाहीत, उलट आता त्याच सगळ्या वाडीला शिकवतात, जणू त्यांच्याच माहेरची पद्धत.

ऑगस्टमध्ये ठाण्याला परत आलो आणि १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई-ठाण्याची लाईट गेली. मुंबईची! लोकल रुळांवर थांबल्या, परीक्षा पुढं ढकलल्या. कळवा-पडघा लाईनचं काहीतरी झालं म्हणत होते आणि कळवा तर आमच्या खाडीपलीकडे. मला हसायला येत होतं, बत्तीस दिवस काढून आलेल्या माणसाला दोन-चार तासांचं काय, पण बिल्डिंगमध्ये हलकल्लोळ, कारण नवव्या मजल्यावरचा मुलगा लिफ्टमध्ये, सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये. आमच्या लिफ्टला ती जवळच्या मजल्यावर आपोआप आणून सोडणारी बॅटरी आहे, पण ती बॅटरी बदलायचा विषय दोन मीटिंगमध्ये पुढच्या मीटिंगवर गेला होता. दोन उत्साही काका दार फाकवून त्याला खाली उडी मार म्हणत होते. लिफ्ट अशी अधांतरी असली की तिच्या तळाखाली जी फट राहते तिच्यातून माणूस सरळ खड्ड्यात जाऊ शकतो, सात मजले. आणि काकांच्या बोटांची मला आठवण झाली ती वेगळीच, अर्धं अंग बाहेर असताना लाईट आली तर? मी वॉचमनला वर पिटाळलं, आधी लिफ्टचा मेन पाड म्हटलं. मुलगा दाराआड शांत होता, गेम खेळत होता. लिफ्टवाला चाळीस मिनिटांनी आला, त्यानं वरून हातानं चाक फिरवून लिफ्ट सहाव्याला आणली.

त्या दिवसानंतर आम्ही इन्व्हर्टर घेतला, आणि इन्व्हर्टरनं एक नवीनच घोळ केला, म्हणजे आता लाईट गेली तरी ती गेलेली नसते. नवऱ्यानं लाईट गेलीय तेवढ्यात म्हणून पंख्याचा रेग्युलेटर उघडला आणि सणसणीत बसला. बाहेरची गेली होती, घरातली होती. शॉक बसला की लाईट तोडणारी ती आरसीसीबी, तिनं तिथं काही केलं नाही, कारण इन्व्हर्टरची वायर इलेक्ट्रिशियननं तिच्या पलीकडून काढलेली. ते मग नीट करून घेतलं. हो, आणि बॅटरी कपाटात कोंडू नका, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. महिन्यातून एकदा पाणी बघते, डिस्टिल्डच घालते, नळाचं नाही.

आता जे सांगायचं होतं ते. २०२१ च्या मे महिन्यात अप्पा कोविडमधून उठून घरी आले, कराडला. ऑक्सिजन लागत होता, मिनिटाला दोन लिटरनं. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं कॉन्सन्ट्रेटर मशीन भाड्यानं मिळालं, मोठ्या बॅगेएवढं, रात्रंदिवस घुंऽऽ फुस्, घुंऽऽ फुस्. डॉक्टरांनी सांगितलेलं, मशीन लाईटवर चालतं तेव्हा शेजारी एक सिलिंडर भरलेला पाहिजेच. लहान सिलिंडर मिळाला, दीड हजार लिटरवाला, म्हणजे दोन लिटरनं बारा तास. मी दिवसा दोनदा डोळे मिटून सराव केला होता, खरंच, चावी कुठं, कुठल्या बाजूला फिरते, नळी कुठून काढून कुठं लावायची. चावी सिलिंडरलाच सुतळीनं बांधली. घरातला जुना इन्व्हर्टर ते मशीन अर्धा तास तरी ओढेल हे मी धरलंच नव्हतं.

वळवाचा पाऊस लागला होता. रात्री दोन-चाळीसला लाईट गेली आणि त्या घुंऽऽ फुस् च्या जागी एकच लांब बीऽऽप सुरू झाली. दुसरा कुठलाही आवाज मला असा कधी लागलेला नाही. उठले, मोबाईल तोंडात धरला, चावी फिरवली, सिलिंडरनं फुत्कार टाकला, काटा दोनवर आणला, नळी काढून लावली. अप्पांच्या नाकाजवळ हात धरला तर वारा लागत होता. बोटाला ऑक्सिजनचा मीटर, ९१. तेवढ्यात माजघरातून पिवळा उजेड हलत हलत आला. आई. पदर खोचलेला, एका हातात मेणबत्ती, दुसरा हात ज्योतीला आडवा.

"आई थांब! तिथंच थांब, विझव ती!"

तिला कळेना. ती अजून एक पाऊल पुढं आली, लेकीला दिसावं म्हणून. मी आयुष्यात तिच्यावर अशी ओरडलेली नाही. तिनं फुंकर मारली, अंधार झाला, मेणबत्तीच्या धुराचा वास आला आणि आम्ही तिघंही गप्प, नुसता सिलिंडरचा बारीक सूं आवाज. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो चादरीत, उशीत, केसांत भरून राहतो आणि मग एवढीशी ठिणगी लागली तरी धुमसायला वेळच मिळत नाही, गोधडीसारखा. मी हे तिला सांगायला लागले आणि निम्म्यात थांबले, कारण गोधडी हा शब्द निघून गेला होता.

ती काही बोलली नाही. वळली आणि अंधारात, बॅटरी न घेताच, फेरीला गेली. मला एकेक बटण ऐकू येत होतं. टक्. टक्. फ्रिज, पंप, मिक्सर, बाहेरच्या सोप्यातला टीव्ही. मग ती परत येऊन त्या बंद पडलेल्या मशीनचं बटणही बंद करून गेली. स्वयंपाकघरात जाऊन बसली.

१९१२ ला, लाईटच्या तक्रारीच्या नंबरला, फोन लागला, लाईनवर झाड पडलंय म्हणाले. मी सिलिंडरचा काटा बघत बसले. बारा तासांतले अडीच गेले. ९२, ९२, ९१, ९३. पाचला कावळे ओरडायला लागले आणि पाच-दहाला स्वयंपाकघरातला बल्ब पेटला. आई उठली नाही लगेच. मी आत बघितलं तर ती त्या बल्बकडे बघत बसली होती, जाते का परत म्हणून. गेली परत, मिनिटभरानं. मग आली. मग तिनं आणखी पाच मिनिटं मोजली घड्याळावर, आणि आधी मशीन लावलं, मग पंप, फ्रिज सगळ्यात शेवटी. घुंऽऽ फुस्. मी नळी परत बदलली, सिलिंडर घट्ट बंद केला.

आई अप्पांच्या उशाशी येऊन उभी राहिली, त्यांच्या कपाळावर हात ठेवायला वाकली. अप्पांनी डोळे उघडले. बारा दिवसांत ते आपणहून काही बोलले नव्हते, मागितलं तर पाणी, तेही खुणेनं. नाकातल्या नळ्या जरा बाजूला केल्या आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले,

"इस्त्री बघितलीस का?"